आक्काच्या ओट्यावरची मालिका

आमच्या गल्लीत एकच मालिका दोनदा लागते. एकदा टीव्हीवर, दिवेलागणीला, आणि एकदा चैत्रात, माझ्या थोरल्या जावेच्या ओट्यावर, भर दुपारी. टीव्हीवरची सगळ्या महाराष्ट्राला दिसते. ओट्यावरची फक्त आमच्या गल्लीला ऐकू येते, आणि मी पैजेवर सांगते, दुसरीच सरस आहे. हे मला आधीपासून कळत होतं असं मात्र नाही. मी पहिलीची भक्त होते.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडे. दसरा झाला की गल्लीतली निम्मी घरं ऊस तोडायला निघतात आणि शिमग्याच्या, पाडव्याच्या सुमाराला परत येतात. फोन सगळ्यांकडे असतात. पण पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवस मावळल्यावर कोपीवर येऊन भाकरी थापायच्या, आणि तो फोन चार्ज करायला ट्रॅक्टरवाल्याच्या मिनत्या करायच्या, त्यात मालिका बघणार कधी? कोपी म्हणजे त्यांची ताडपत्रीची झोपडी. तिथं पाठ टेकली की डोळा लागतो. त्यामुळे या बाया गावाकडं परत आल्या की आधी देवाला नारळ फोडतात, मग घरातले उंदीर हाकलतात, आणि मग विचारतात, "मालिकेत काय झालं?"

ते सांगायचं काम आक्काचं. माझ्या थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. पापड-कुरडयांचे दिवस असतात, दुपारी लाइट गेलेली असते, आणि तिच्या ओट्यावर कडुनिंबाची सावली असते. पोळपाट-लाटणी घेऊन सगळ्याजणी तिथं जमतात. या बैठकीचे कायदे ठरलेले आहेत. सांगणारीनं लाटण्याला हात लावायचा नाही, तिच्या घरचे पापड ऐकणाऱ्यांनी लाटून द्यायचे. त्यामुळे आक्काच्या डब्यातले दोन पापड कधी एकसारखे नसतात. दुसरा कायदा आम्हा गावात राहिलेल्यांसाठी, ज्यांनी सगळं बघितलेलं असतं त्यांच्यासाठी. पुढचं फोडायचं नाही. जी फोडेल तिनं उडदाचं पीठ कुटायचं. ते काम ज्यांनी केलंय त्या जन्मात तोंड उघडणार नाहीत.

मी घरी ब्लाऊज शिवते, म्हणून ओट्यावर माझ्याकडं साड्यांचं खातं आहे. आक्का सांगता सांगता थांबते आणि विचारते, "त्या दिवशी नेसली काय व्हती गं ती?" मी रंग सांगते, काठ सांगते, बाही कुठवर होती तेही सांगते. त्याच्या पलीकडं मला बोलायचा अधिकार नाही.

मालिकेची नायिका एका मोठ्या घरातली थोरली सून. तिचा नवरा देखणा, हसरा, आणि जेवायला बसला की पहिला घास घेऊन म्हणायचा, "मीठ कमी आहे." मग ती लटकं रागवायची आणि मीठ वाढायची. एवढंच. पण या एवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षं फिदा होतो. आमच्या गल्लीतल्या ज्या पुरुषांना चहात साखर आहे की नाही ते कळत नाही, तेही पहिल्या घासाला "मीठ कमी आहे" म्हणायला लागले होते.

मग एका हिवाळ्यात लिहिणाऱ्यांनी त्याला मारलं. नटाला दुसरीकडं मोठं काम मिळालं, अशी बातमी आमच्याकडं आली. त्याची गाडी घाटात कोसळली आणि देह सापडला नाही. आम्ही पदर डोळ्याला लावून बसलो होतो, तेवढ्यात आक्का म्हणाली, "देह सापडला न्हाई ना? मग ह्यो परत यील."

त्याच हिवाळ्यात आमच्या भावकीतल्या एका सुनेचा नवरा गेला. उसाच्या फडात त्याला पान लागलं. साप चावला असं तोंडानं म्हणू नये म्हणून आमच्याकडं पान लागलं म्हणतात. पोरगी म्हणावी एवढंच तिचं वय. पाडव्याला ती गावात आली तेव्हा तिच्याकडं कुणाला बघवत नव्हतं. आक्कानं तिला हाताला धरून ओट्यावर आणलं, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवलं आणि पुढ्यात पोळपाट ठेवला.  आणि त्या वर्षी सांगायचं होतं ते नवऱ्याच्या मरणाचंच होतं.

टीव्हीवर ते मरण दोन आठवडे चाललं होतं. बांगड्या फुटत होत्या, विजा चमकत होत्या, प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवत होते. आक्कानं ते सगळं बाजूला सारलं. ती म्हणाली, "मग तो गेला. सकाळी तिनं सवयीनं दोन कप च्या टाकला." आणि पुढं गेली. लाटण्यांचा आवाज थांबला होता. कोपऱ्यातल्या पोरीनं मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी ती कुणी न बोलावता आली. त्या उन्हाळ्यात ती एक अक्षर बोलली नाही, नुसतं ऐकत राहिली.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. पुढच्या दसऱ्याला ती दिराच्या टोळीबरोबर गेली ती अर्धा कोयता म्हणून. मुकादमानं ट्रॅक्टरजवळ उभं राहून मोठ्यानं तसंच पुकारलं. त्याला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, त्याची ती रीतच आहे. मला मात्र त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं.

मालिकेत तोवर नायिका उभी राहत होती. आधी डबे करायला लागली, मग सासरच्यांशी भांडून तिनं खानावळीची जागा घेतली. ते भाग चांगले होते, आज मी कबूल करते. पण तेव्हा मला त्याच्याशिवाय पडदा ओकाबोका वाटायचा. आणि मी एकटी नव्हते. लोकांनी म्हणे त्या वाहिनीला संदेशांवर संदेश पाठवले, की तो नसेल तर आम्ही बघणार नाही. वाहिनीनं लगेच ऐकलं.

खानावळीच्या उद्घाटनाच्या दिवशी दारात एक स्कूटर थांबली. आठवडाभर नुसते पाय दाखवले. मग चेहरा. भर थंडीत वीज कडाडली. त्याची स्मृती गेली होती आणि देवळात डोक्यात नारळ पडल्यावर ती परत आली होती. यावर आम्ही एकीनंही शंका काढली नाही. तो आत आला, पानावर बसला, घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." मी घरात एकटीच टाळ्या वाजवत होते. आक्कानं तर गल्लीत साखर वाटली. तिला तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडायचा.

पुढच्या भागात नायिका लाल शालू नेसून पुन्हा बोहल्यावर होती. खानावळीच्या गल्ल्यावर तो बसला. नंतर तर ती खानावळ दिसेनाशीच झाली.

पाडवा झाला, टोळ्या परत आल्या, आक्काच्या ओट्यावर बैठक भरली. ती पोरगी आली आणि आपण होऊन भिंतीकडच्या कोपऱ्यात बसली. तिचे हात उसाच्या पाचटानं चिरलेले होते. आक्का सांगायला लागली. डब्यांपासून सुरुवात, मग जागेचं भांडण. रोज थोडं थोडं. गावातल्या आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत होतो, आता येणार, आता येणार म्हणून.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, मी आणि आक्का गच्चीवरचे पापड गोळा करत होतो. मी म्हटलं, "आक्का, उद्या त्याचे पाय लय ताणू नको. लगेच तोंड दाखव."

ती म्हणाली, "त्याला आणायचं का न्हाई, तेच बघायलेय."

मला वाटलं उन्हानं तिचं डोकं फिरलं. "न आणून कसं चालंल? तो आलाय! समद्या जगानं बघितलाय."

"त्यांनी त्यांच्या टीव्हीत आणला. माझ्या ओट्यावर ती बसलेली असती."

माझा स्वभाव गप्प राहायचा नाही. "बाकीच्या बायांनी काय पाप केलं? त्या सहा महिने त्याची वाट बघायल्यात. गिऱ्हाईकाला पायजे ते द्यावं. मी बी तेच करते."

आक्का हसली. "उद्या गिऱ्हाईक म्हणलं ब्लाऊजला तीन बाह्या लाव, तर लावशील का?"

"तीन हात कुणाला असत्यात?"

"तेच म्हणते मी. अंग बघून शिवावं." मग ती पापडांची चवड छातीशी धरून जिन्यात थांबली. "मला बी आवडतो गं तो. साखर वाटली की मी. पन ती बाई एवढं सालभर एकटी उभी राहिली, ती काय त्याला गल्ल्यावर बसवायला?"

"मग काय सांगणार?"

"ठावं न्हाई," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. तिच्या तोंडावर मी कधी नाही ती काळजी बघितली. सगळी गल्ली एकीकडं, आणि कोपऱ्यातली ती एक पोरगी एकीकडं. आक्कानं त्याला आणला असता तर ओट्यावर आनंदीआनंद झाला असता, आणि त्या पोरीला तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं, की बघ, दुसऱ्यांचे परत येतात. 

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. उद्घाटनाचा दिवस आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि गावातल्या बाया तर नव्या नवरीच्या करवल्यांसारख्या नटून बसल्या होत्या. आक्कानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पदरानं तोंड पुसलं आणि सुरू केलं. तिनं खानावळ अशी उभी केली की मला फोडणीचा वास आला. दाराला झेंडूचं तोरण, फळ्यावर खडूनं लिहिलेला भाव, आणि आत नायिका आमटीच्या पातेल्यापाशी उभी. सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही.

"आन मग," आक्का म्हणाली, "दारात स्कूटर थांबली."

कुणीतरी "आई गं" म्हणालं. "तीच निळी स्कूटर. त्याची व्हती तसलीच. हिच्या हातातली पळी तितंच राहिली. एक पाय खाली टेकला. पायात तसलीच चप्पल. दुसरा पाय टेकला." मी कोपऱ्याकडं बघितलं. पोरीचं लाटणं पापडावर थांबलं होतं आणि ती आक्काकडं बघत होती. ऐकणाऱ्या बाया बघतात तशी नाही. एखादीनं परीक्षा घ्यावी तशी.

आक्कानंही तिच्याकडं बघितलं. 

"डोक्यावरचं हेल्मेट काढलं," आक्का म्हणाली, "तर एक अनोळखी माणूस. घामानं डबडबलेला. म्हणाला, ताई, जेवायला मिळंल का?"

ओट्यावर भुंग्यासारखी गुणगुण उठली. गावातल्या एकीनं तोंड उघडलंच होतं, "अगं पन तो तर—" तशी आक्का तिच्याकडं न बघताच म्हणाली, "पीठ कुटायचंय का?" आणि गुणगुण बंद झाली.

"ती म्हणाली, बसा. पान मांडलं, वाढलं, आन बाजूला उभी राहिली. सवयच व्हती तिला, पयला घास घेतला की ते वाक्य ऐकायची. त्यानं घास घेतला. ती वाट बघायली. त्यानं दुसरा घास घेतला. ती वाट बघायली. तो बाबा खाली मान घालून जेवत व्हता. काय बोलंना. मग म्हणाला, अजून एक भाकर द्या."

आक्का थांबली. 

"तवा तिच्या ध्यानात आलं. लगीन झाल्यापासून तिनं आपल्या हातची आमटी कदी चाखलीच नव्हती. मीठ कमी का जास्त, ते सांगायला तो व्हता. ती आत गेली. पळीतली आमटी तळहातावर घेतली, जिभेला लावली. आन आपल्याशीच म्हणाली, मीठ बरोबर हाय."

 हे कुठून आणलं हिनं? टीव्हीवर यातलं काही नव्हतं. टीव्हीनं त्या वाक्याच्या ओळखीवर आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. माझ्या जावेनं तेच वाक्य उचललं, आणि इतकी वर्षं ते कुणाचं होतं आणि आता कुणाचं झालं ते एका पळीत दाखवलं. मी रोज हिच्याबरोबर धुणं धुते, हिच्याशी पाण्याच्या पाळीवरून भांडते, आणि ही अशी आहे हे मला त्या दुपारी दिसलं. त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पण आक्का अजून मोकळी झाली नव्हती. तिनं माझ्याकडं मान वळवली. "आन दुसऱ्या दिवशी नेसली काय व्हती गं ती?"

सगळा ओटा माझ्याकडं बघायला लागला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लाल शालू होता, मुंडावळ्या होत्या, हिरवा चुडा होता. निम्म्या बायांनी तो डोळ्यांनी बघितला होता, आणि एकीनं तर माझ्याकडून तसा ब्लाऊजही शिवून घेतला होता. मी म्हटलं, "तीच, डबे करताना नेसायची ती. आंब्याच्या रंगाची, सुती. बारीक काठाची. बाही कोपरापर्यंत."

"हां," आक्का म्हणाली. "कामाला बरी पडती."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोरीनं पुढ्यातल्या उडदाच्या पिठाची लाटी चिमटीत तोडली, तोंडात टाकली आणि चघळत राहिली. दोन उन्हाळे त्या ओट्यावर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आक्का तिची चुलत सासू, म्हणून ती तिला आत्याबाई म्हणते. "आत्याबाई," ती म्हणाली, "पिठात मीठ बरोबर हाय."

"मग लाट की," आक्का म्हणाली. तिनं पुन्हा तांब्या तोंडाला लावला, पण तो रिकामा होता. बाकीच्या बायांनी मुकाट्यानं लाटायला घेतलं. तो का आला नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात आक्कानं मालिका सोडूनच दिली आणि आपली सांगितली. गिऱ्हाइकं वाढली, शेजारच्या खानावळवाल्यानं कुरापती काढल्या, सासूबाई भाजी निवडायला येऊन बसायला लागल्या. मी साड्या पुरवत राहिले, आणि पहिल्यांदाच मला त्या आठवाव्या लागल्या नाहीत, मनातून शिवाव्या लागल्या. संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी टीव्हीसमोर बसायचो, आणि त्यात तो रोज नव्या शर्टात "मीठ कमी आहे" म्हणायचा. आता ते ऐकून टाळ्या वाजत नव्हत्या. एकदा आक्काच टीव्हीला म्हणाली, "तुझ्या हातानं घे की मेल्या."

पावसाळ्यात त्या पोरीची जाऊ माझ्याकडं ब्लाऊज टाकायला आली. मी दंडाचं माप घेत होते, आणि ती सहज बोलून गेली, "तो परत आला तवा कारखाना बंद व्हता, आमी समद्यांनी कोपीवर एकाच मोबाइलवर बघितलं. कसल्या नाचलो म्हणता! ही तेवढी उठून भाईर गेली."

मी टेप बाजूला ठेवली. "ती बी व्हती?"

"व्हती की. मी इचारलं, काहून उठलीस? तर म्हणाली, आत्याबाई काय सांगत्यात ते बघू."

म्हणजे तिला माहीत होतं. त्या दुपारी स्कूटर थांबली तेव्हा गावातल्या आम्हा बायांइतकंच तिला माहीत होतं, की तिच्यावरून कोण उतरणार. आणि तरी ती लाटणं थांबवून आक्काच्या तोंडाकडं बघत होती, हीसुद्धा त्याला आणते का काय म्हणून. आक्का एका पळीच्या अंतरानं वाचली होती. मी हे तिला सांगितलं नाही. पोरीला काही माहीत नाही असं धरून तिनं ज्या धास्तीत ते सांगितलं होतं, ती धास्ती मला मोडावीशी वाटली नाही.

दसरा झाला. वेशीत ट्रॅक्टर लागला, ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, अंथरुणं चढली. मुकादमानं कोयते पुकारले आणि शेवटी अर्धा कोयता पुकारला. ती ट्रॉलीत चढली. तिच्या गाठोड्यावर एक नवी ताडपत्री बांधलेली होती. दिराच्या कोपीत नाही, या वेळी ती आपली वेगळी कोपी घालणार होती. अर्ध्या कोयत्याला वेगळी जागा कोण देतं, म्हणून मुकादम दोन दिवस कुरकुरला होता, आणि ती दोन दिवस त्याच्या दारातून हलली नव्हती.

आम्ही दोघी जावा निरोप द्यायला उभ्या होतो. ट्रॅक्टर सुरू झाला. तशी ती ट्रॉलीच्या फळीवरून वाकली आणि त्या आवाजावरून ओरडली, "आत्याबाई! मी यीपर्यंत त्याला आणू नका बरं!"

आक्का दचकली. तिनं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि पोरीला पहिल्यापासून माहीत होतं हे तिला कळलं. पण उत्तराला ती चुकली नाही. चालत्या ट्रॉलीमागं चार पावलं धावत तिनं हात वर केला.

"आला तर येऊ दे! गिऱ्हाईकावानी जेवंल आन जाईल!"